बसऱ्याच्या भिंतीवरचा आकडा

आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत एक काळपट गोल चकती होती. वितीपेक्षा लहान, ब्राँझची. तिच्यावर त्रिशूळ धरलेली एक बाई आणि तिच्यापुढे सिंह. तसवीर असल्यामुळे दादी ती नेहमी पालथी ठेवायची. ‘परदादा बसऱ्याला गेले ते गेलेच,’ यापलीकडे ती काही सांगत नसे. बुरोंडीत कोणी बसऱ्याला गेला म्हटलं की ऐकणारा त्याला खलाशी समजतो. मीही तेच समजत होतो.

दादीच्या इंतकालानंतर चकती उताणी करून वाचली. एका चौकटीत परदादांचं नाव आणि काठावर इंग्रजी मजकूर. स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी हा मरण पावला, असा त्याचा अर्थ. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या वारसांना ब्रिटिश सरकार अशी चकती देत असे. तिच्यावर हुद्दा नसे, पलटणही नसे. मरणात सगळे सारखे, हा त्यामागचा विचार.

पुढचा शोध राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत घेतला. आपली नावं इंग्रज कारकुनाने कानाला लागतील तशी लिहिलेली. शेख तीन तऱ्हेचा, गावाचं नाव चार तऱ्हेचं. अखेर वडिलांचं नाव आणि तालुका जुळला. ११७ वी मराठा पलटण, शिपाई, मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५. माझे दादा तेव्हा पाळण्यात होते.

मराठा पलटणीत मुसलमान कसा, असं पुष्कळांनी विचारलं. त्या काळच्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. शिवाय आमच्या तालुक्याला पलटण नवी नव्हती. दापोलीला १८१८ पासून इंग्रजांची छावणी होती. तिचं ‘कॅम्प दापोली’ हे नाव जुनी माणसं अजून घेतात.

ती तारीख सलमान पाकच्या लढाईच्या पहिल्या दिवसाची. इंग्रज तिला टेसिफोनची लढाई म्हणतात. बगदादच्या वाटेवरच्या या गावाला ज्यांचं नाव आहे, ते सहाबी हजरत सलमान फारसी (रजि.) यांची मजार तिथेच आहे. मदिनेच्या रक्षणासाठी खंदक खणण्याचा सल्ला त्यांनी दिला, हा धडा माझ्या वर्गातली मुलं धडाधड सांगतात. त्यांच्या मजारीच्या परिसरात तुर्की फौज खंदकांत बसली होती आणि जनरल टाउनशेंडच्या हुकमाने परदादांची पलटण त्यांवर चालून गेली. त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूची साडेचार हजारांच्या आसपास माणसं ठार वा जखमी झाली. उरलेली फौज मागे हटून कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली.

त्याआधी वर्षभर, नोव्हेंबर १९१४ मध्ये, तुर्कस्तानच्या सुलतानाने खलिफा या नात्याने जिहाद पुकारला होता. म्हणजे कलमा दोन्ही खंदकांत होता. परदादांना ज्यांच्यावर गोळी झाडायची होती ते त्यांच्याच किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढत होते. पगारासाठी घर सोडलेल्या शिपायाला हा पेच कोणी विचारून घातला नव्हता. पुढे खिलाफत चळवळीच्या दिवसांत अशा मरणाबद्दल त्याच्या विधवेने चारचौघांत काय सांगावं? दादीच्या ‘गेले ते गेलेच’मध्ये तिच्या सासूचा हा अबोला असावा, असं आता वाटतं.

परदादांची आठवण बसरा स्मारकावर आहे. तिथे चाळीस हजारांहून अधिक मृतांचं स्मरण केलेलं आहे. पण भिंतीवर हिंदी फौजेतल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांचा पलटणीच्या नावाखाली निव्वळ आकडा. २०२१ साली खुद्द आयोगाच्याच अहवालाने हा भेदभाव कबूल केला. पंचेचाळीस ते चौपन्न हजार मृतांना, त्यांतल्या बहुतेक आशियाई-आफ्रिकी माणसांना, असमान वागणूक मिळाल्याचं त्यात म्हटलं आहे. मरणात सगळे सारखे, हा न्याय चकतीपुरताच राहिला.

दादीचा शिरस्ता मी मोडला नाही. चकती आजही पेटीत पालथीच असते. फक्त तिच्या कोऱ्या पाठीवर एक कागद डकवला आहे. त्यावर परदादांचं नाव, बापाचं नाव, गाव, पलटण, तारीख आणि जागा, आधी उर्दूत आणि खाली मराठीत लिहिली आहे. पेटी उघडणाऱ्याला आता ते आधी दिसतं.