जळालेले दप्तर, जपलेली नोंद

आयर्लंडच्या यादवी युद्धात, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांची बहुतेक कागदपत्रे भस्मसात झाली. म्हणून पूर्वजांचा शोध घेणारे आज काउंटीवार छापलेली ग्रिफिथची जमीन-मूल्यांकन पुस्तके (१८४७-१८६४) चाळतात. त्यांत जमीनदार सापडतो, जमीन कसणारे कूळ सापडते. त्या कुळाची पत्नी व लेकरे मात्र सापडत नाहीत. ती भेटतात कॅथलिक धर्मग्रामांच्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांत, आईबापांच्या आणि धर्ममातापित्यांच्या नावांसह. त्या वह्या गावोगावच्या चर्चमध्येच राहिल्या, म्हणून वाचल्या. बाप्तिस्म्याची नोंद करताना आम्हांस हे स्मरते. घाईत चुकलेल्या एका अक्षरापायी उद्या कुणाचे कूळच हरवायचे!