जळजळ, जावळ आणि फुलांची वाडी

पोटुशी बाई छातीवर हात ठेवून "फार जळजळतंय" म्हणाली, की घरातली एखादी मावशी हमखास सांगते, "जावळ दाट येणार हो बाळाला!" पुढे तिच्या हातात गार दुधाचा पेला येतो आणि विषय संपतो. हा समज आजीच्या काळचा असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो चरकसंहितेत आहे.

शारीरस्थानाचा आठवा अध्याय. गर्भिणीने कोणत्या महिन्यात काय घ्यावे, याची यादी चालली आहे. पहिल्या महिन्यात नुसते दूध, तिसऱ्यात मध-तूप घातलेले दूध, चौथ्यात लोणी, पाचव्यात तूप. सातव्या महिन्याशी येऊन संहिताकार अडखळतात आणि एक वेगळीच नोंद करतात. गर्भाला केस फुटू लागले की आईला दाह होतो, असे स्त्रिया म्हणतात. लगेच भगवान आत्रेयांचा निकाल येतो: तसे नाही. वाढता गर्भ वर रेटतो, त्यामुळे दोष छातीपाशी जाऊन दाह करतात, दाहातून खाज सुटते आणि खाजेतून किक्किस होतो. किक्किस म्हणजे पोटावर उमटणाऱ्या त्या रेघा, आजचे स्ट्रेच मार्क्स.

निकाल देऊन झाल्यावर आत्रेय उपचाराला लागतात, आणि तिथे ते अगदी घरातल्या माणसासारखे बोलतात. खाजवू नये, कातडी फाटते आणि रूप बिघडते. अगदीच असह्य झाले तर चोळून घ्यावे. पोटावर आणि स्तनांवर चंदन व कमळाच्या देठांचा लेप लावावा. जाई आणि ज्येष्ठमध घालून उकळलेल्या पाण्याचा शिडकावा करावा. बोराच्या पाण्याबरोबर औषधी लोणी अधूनमधून द्यावे. जेवण गोडसर असावे, त्यात तेल-तूप आणि मीठ कमी, वर पाणीही बेताचेच.

चंदन, जाई, लोणी, आणि महिना सातवा. माझी गाडी इथे डोहाळजेवणापाशी येऊन थांबली.

डोहाळजेवण सातव्या महिन्यात का करतात, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. नावाप्रमाणे ते डोहाळ्यांचे जेवण. पण डोहाळे सातव्यात लागत नाहीत. चरक आई आणि गर्भ अशी दोन हृदये एका देहात आल्याची अवस्था तिसऱ्या महिन्यात सांगतो, सुश्रुत चौथ्यात. गर्भाची इच्छा आईच्या तोंडून बोलते, ती पुरवली नाही तर गर्भाला दोष लागतो, असे याज्ञवल्क्यस्मृतीही बजावते. मग चिंचा-आवळ्यांच्या ऐन हंगामात आपण काय करतो? तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गुपचूप चोरचोळी देतो. आणि जिभेचा चोखंदळपणा ओसरल्यावर सातव्यात पंगत मांडतो! हे म्हणजे वरातीमागून घोडे झाले.

यावर पहिले उत्तर शास्त्री मंडळींचे. डोहाळजेवण हे सीमंतोन्नयनाचे घरगुती रूप, असे ते सांगतात. त्या संस्कारात साळिंदराच्या काट्याने गर्भवतीचा भांग पाडतात, उंबराची कच्ची फळे वापरतात, वीणा वाजवणाऱ्यांना गायला सांगतात. पण महिन्याबद्दल सूत्रकारांचेच एकमत नाही. आश्वलायन चौथा महिना सांगतो, पारस्कर सहावा किंवा आठवा. सातवा सांगतो तो शांखायन. महाराष्ट्रातले ऋग्वेदी आश्वलायनाला मानणारे. त्यांनी आपला सूत्रकार सोडून शेजारच्याचा महिना उसना का घ्यावा? शिवाय सीमंतोन्नयन भटजींच्या हातचे, मंत्रांचे. डोहाळजेवणात भटजी लागत नाहीत. ओटी, ओवाळणी, गाणी, झाकलेल्या वाट्यांतून पेढा की बर्फी हे ओळखणे, सगळा कारभार बायकांचा.

दुसरे उत्तर व्यवहाराचे, आणि ते जास्त तगडे आहे. पहिलटकरीण सातव्यात माहेरी जाते. जाण्याआधी सासरच्यांनी हौस करून घ्यावी, इतकेच. हे मला मान्य आहे. पण त्याने जेवणाचा उलगडा होतो, फुलांचा होत नाही. निरोपाला साडी पुरते. मग मनगटावर गजरे, दंडावर वाकी, कमरेला पट्टा, कपाळावर बिंदी अशी मोगरा-जाई-शेवंतीची अख्खी वाडी कशाला? चांदण्यात, बागेत, होडीत बसवण्याची हौस कशाला? गारव्याच्या सगळ्या जागा शोधून काढल्यासारख्या!

म्हणून माझे म्हणणे असे: डोहाळजेवणातला फुलांचा भाग हा मुळात सातव्या महिन्यातल्या दाहाचा आणि खाजेचा उतारा असला पाहिजे. लेप उटण्यात गेला, जाईच्या पाण्याची जाई अंगावर आली, आणि उपचाराचा सोहळा झाला. तो बायकांनी केला, कारण सातव्यात केस आणि दाह हा हिशेब त्यांचाच होता. आत्रेयांनी तो खोडला, पण उपचार त्याच महिन्यात ठेवला.

तो हिशेब अगदीच टाकाऊ नव्हता, हे कळायला 2006 साल उजाडावे लागले. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी हा समज खोटा ठरेल अशा अपेक्षेने 64 गर्भवतींची पाहणी केली. जळजळ किती होते ते आधी विचारले आणि जन्मानंतर बाळांच्या फोटोंवरून केसांची दाटी ठरवली. बऱ्यापैकी ते तीव्र जळजळ सांगणाऱ्या 28 जणींपैकी 23 जणींच्या बाळांचे केस सरासरीइतके किंवा अधिक निघाले. मुळीच जळजळ नसलेल्या 12 पैकी 10 बाळे विरळ केसांची. जी संप्रेरके अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल करतात, तीच गर्भाच्या केसांच्या वाढीतही हात घालत असावीत, असा त्यांचा तर्क. पाहणी छोटी आहे, पण बायकांच्या बाजूने आहे. आत्रेयही हरले नाहीत. वाढते गर्भाशय जठराला वर रेटते, हे आजचे डॉक्टरही जळजळीचे एक कारण म्हणून सांगतात. वादात दोन्ही पक्ष बरोबर निघण्याचा योग विरळाच.

माझ्या मताला भोके आहेत. तमिळ वळैकाप्पूत सातव्या महिन्यात हातभर बांगड्या भरतात. बांगड्यांनी कुठलाही दाह शमत नाही. गुजरातेत सीमंत सातव्यातच होते, तेही नाव न बदलता, म्हणजे शास्त्री मंडळींचे पारडे तिथे जड. आणि खुद्द आपले डोहाळजेवणाचे पान पाहा: भजी, पुरणपोळी, मसालेभात, वर तुपाची धार. आत्रेयांनी बेताचे सांगितलेले सगळे वाढून ठेवलेले! पंगत निरोपाची आणि फुले उपचाराची, असे दोन वेगळे ओहोळ एका दिवसात मिसळले, असे मी त्यावर म्हणतो, आणि ते मला पुरते.

हल्ली वाडी कापडी किंवा कागदी फुलांची असते. फोटोत ती झकास दिसते आणि पुढच्या जाऊबाईंनाही चालते. पण जाईचे पाणी सांगणारा वैद्य ती पाहून एवढेच विचारील, की बाईची खाज थांबली का?