परवानामुक्त लहरींची मर्यादा

रेडिओलहरींचा वापर करण्यासाठी सर्वसाधारणपणे सरकारी परवाना लागतो. मोबाइल कंपन्या लिलावात मोठी रक्कम मोजून लहरींचा ठरावीक पट्टा मिळवतात. त्यात इतरांनी व्यत्यय आणल्यास त्यांना सरकारकडे दाद मागता येते. वायफाय, ब्ल्यूटूथ ही साधने मात्र प्रामुख्याने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतात. अमेरिकेने १९८५ साली अशा पट्ट्यांत विनापरवाना संदेशवहनास मुभा दिली. भारतात हा पट्टा प्रक्षेपणशक्तीवर मर्यादा घालून २००५ मध्ये खुला झाला.

हा पट्टा मुळात औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी राखलेला होता. मायक्रोवेव्ह भट्टीही २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. तिच्यातून निसटणाऱ्या अत्यल्प लहरी आरोग्याला अपायकारक नसल्या, तरी वायफायचा क्षीण संदेश बिघडवण्यास त्या पुरेशा ठरतात.

दुसरी अडचण दाटीची. भारतात या पट्ट्यात वायफायच्या १३ वाहिन्या आहेत. पण त्या परस्परांपासून जेमतेम ५ मेगाहर्ट्झ अंतरावर, तर प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद. त्यामुळे १, ६ आणि ११ अशा तीनच वाहिन्या एकमेकींत न मिसळता वापरता येतात. वायफाय उपकरण आधी कानोसा घेते आणि वाहिनी मोकळी असेल तरच बोलते. साहजिकच, मोठ्या गृहसंकुलात शेजाऱ्यांचे राउटर वाढले, की प्रत्येकाचा वेग मंदावतो. एकाने शक्ती वाढवली, तर त्याचा त्रास इतरांना होतो.

सर्वांत मोठा तोटा कायदेशीर आहे. परवानामुक्त वापराला व्यत्ययापासून संरक्षण नसते. कारखान्यातील यंत्रणा अशा व्यत्ययाने ठप्प झाली, तरी नियम पाळणाऱ्या शेजाऱ्याला जाब विचारता येत नाही. उलट, परवानाधारकाला आपल्यामुळे त्रास झाल्यास आपले प्रक्षेपण थांबवावे लागते.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जो भारतात २०१८ मध्ये अधिक विस्तृतपणे खुला झाला, वाहिन्या जास्त आहेत. मात्र या लहरी भिंतींमधून कमी पोहोचतात. शिवाय त्यातील काही भाग रडारही वापरतात. प्यूर्टो रिकोतील सान हुआन येथे विमानतळासाठीच्या हवामान रडारमध्ये अशा बिनतारी उपकरणांमुळे व्यत्यय येत असल्याचे २००९ मध्ये आढळले होते.

घरगुती वापरासाठी हे पट्टे सोयीचे आणि स्वस्त आहेत. मात्र जेथे क्षणभराचा खंडही परवडत नाही, तेथे तारेची जोडणी किंवा परवान्याचा पट्टा हाच भरवशाचा पर्याय ठरतो.