गाणं नेमकं कुठे अडलं?

रेकॉर्ड प्लेअर बिघडला की कानाला लगेच कळायचं. सुई झिजली की खरखर, पट्टा सैल झाला की सूर उतरायचा. २००१ साली अमेरिकेत शॉन अ‍ॅडम्स यांच्या ‘स्लिम डिव्हायसेस’ कंपनीने ‘स्लिमपी३’ नावाची छोटी पेटी विकायला काढली आणि घरच्या स्टिरिओच्या बिघाडाची जातच बदलली. गाणी संगणकावर, पेटी स्टिरिओशेजारी, मध्ये इथरनेटची तार. आवाज थांबला तर दोष या तिन्हींपैकी कशातही असू शकत होता, आणि बाहेरून सगळं ठीकच दिसायचं.

पेटीला स्वतःची अक्कल जवळजवळ नव्हती. पुढचं गाणं कोणतं, पडद्यावर काय दिसावं, हे सगळं संगणकावरचा ‘स्लिमसर्व्हर’ ठरवायचा. पर्ल भाषेत लिहिलेला हा प्रोग्रॅम मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला होता. कंपनीचा हा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय. गाणं अडलं तर जाणकार ग्राहक थेट कोड वाचू शकत होता, दुरुस्त करून परतही पाठवू शकत होता.

२००३ मध्ये ‘स्क्वीझबॉक्स’ आला, सोबत वाय-फाय आलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. सीडीच्या दर्जाच्या संगीताला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात. त्या काळच्या वाय-फायचा वेग कागदावर ११ मेगाबिट, प्रत्यक्षात जेमतेम निम्मा. त्यात मधल्या भिंती, शेजारच्यांचं नेटवर्क, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. बफर रिकामा झाला की ऐन आलापात गाणं तुटायचं. २००५ च्या ‘स्क्वीझबॉक्स२’ला फ्लॅक या आटोपशीर स्वरूपातली फाइल थेट वाचता येऊ लागली. संगीताचा कणही न गमावता ओझं बरंच घटलं, आणि कित्येक घरांतली तुटातूट थांबली.

सर्वांत चकवणारा बिघाड मात्र वेगळाच होता. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचं दुसरं सर्व्हिस पॅक आलं आणि त्याने फायरवॉल आपोआप चालू केली. पेटी आणि सर्व्हर यांची बोलणी ३४८३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालत, संगीत ९००० वरून येई. पहिलं पोर्ट उघडं आणि दुसरं बंद असलं, तर पडद्यावर गाण्याचं नाव नीट उमटे, पण स्पीकर मुका! तार बदला, पेटी बदला, काही उपयोग नाही. दोन पोर्टांचा हा फरक ज्याला ठाऊक, तो मात्र दोन मिनिटांत दोष काढायचा. बाकीच्यांची अख्खी संध्याकाळ जायची.

दोन खोल्यांत एकच गाणं वाजवणंही सोपं नव्हतं. प्रत्येक पेटीतलं स्फटिकाचं घड्याळ किंचित वेगळ्या गतीने चालतं. दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचं अंतर पडतं, म्हणजे दाराशी उभ्या माणसाला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येणार. प्रत्येक पेटी गाण्यात कुठवर पोचली आहे हे सर्व्हरला सतत तपासत राहावं लागे.

ऑक्टोबर २००६ मध्ये लॉजिटेकने ही कंपनी २ कोटी डॉलरला घेतली. २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्सची मालिका बंद केली. चांगल्या वस्तूचा असा शेवट चटका लावणारा होता. पण सर्व्हरचा कोड खुला असल्यामुळे वापरणाऱ्यांनी तो जिवंत ठेवला. त्याच सुमारास रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक मिळू लागला होता. ‘स्क्वीझलाइट’ हा प्रोग्रॅम त्यावर टाकला की नवा प्लेअर तयार. २०२४ मध्ये लॉजिटेकने या पेट्यांसाठीची ऑनलाइन सेवाही बंद केली. त्याच वर्षी सर्व्हरने ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ हे नवं नाव घेतलं. ज्यांची गाणी घरच्याच संगणकावर होती, त्यांच्या पेट्या वाजत राहिल्या.