अंगावर काढलेली दुखणी आणि जपानमधलं एक खेडं

दुखणं अंगावर काढणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक घरात अशी एखादी आजी किंवा काकू होऊन गेलेली असते. जपानी भाषेत याच्या अगदी जवळचा शब्द आहे 'गामान'. गामान म्हणजे मुकाट्यानं सोसणं, आणि जपानमध्ये तो मोठा गुण समजला जातो. महायुद्धानंतर नागानो प्रांतातल्या एका डॉक्टरनं मात्र या गुणाकडे आजाराचं कारण म्हणून पाहिलं.

त्यांचं नाव वाकात्सुकी तोशिकाझु (1910–2006). जन्म टोकियोचा, वैद्यकीय शिक्षण टोकियो इम्पीरियल विद्यापीठात. कारखान्यांतल्या अपघातांचा अभ्यास त्या काळच्या सरकारला खुपला आणि 1944 मध्ये त्यांना अटक झाली. जवळजवळ वर्षभर ते कोठडीत होते. सुटल्यावर मार्च 1945 मध्ये ते डोंगराळ भागातल्या उसुदा गावी साकू रुग्णालयात आले. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं हे रुग्णालय जेमतेम वर्षभराचं आणि 20 खाटांचं होतं.

तिथे येणारे रुग्ण फार उशिरा यायचे. मग वाकात्सुकी आणि त्यांचे सहकारी स्वतःच गावोगाव जाऊ लागले. तपासणी झाली की डॉक्टर आणि परिचारिका मिळून नाटक करायचे. आजार, स्वच्छता, खाणंपिणं असे विषय असायचे आणि प्रेक्षक हसत हसत ऐकायचे. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारून गावकऱ्यांकडूनच उत्तर काढून घेत, त्याच जातीचं हे काम. व्याख्यानाला न येणारा माणूस नाटकाला येतो, हे दोन्हीकडे ओळखलेलं होतं.

गावोगावच्या तपासण्यांतून वाकात्सुकींना दिसलं, की दवाखान्यापर्यंत न पोचलेले आजार दोन प्रकारचे असतात. काही माणसाच्या लक्षातच आलेले नसतात. काही लक्षात आलेले असतात, पण सोसलेले असतात. पहिल्या प्रकाराला तपासणी पुरते. दुसऱ्याला पुरत नाही, कारण त्यामागे पैसा असतो, अंतर असतं, सुगीची घाई असते, घरातलं सुनेचं स्थान असतं. म्हणजे लोकांना माहिती नाही एवढंच म्हणून भागत नाही. माहिती असूनही ती वापरता येत नाही, ही खरी अडचण.

1959 मध्ये जवळच्या याचिहो गावानं साकू रुग्णालयाबरोबर सगळ्या गावाची दरवर्षी तपासणी सुरू केली. देशात सर्वांसाठी आरोग्य विमा पूर्णपणे लागू व्हायला अजून दोन वर्षं होती. गावकऱ्यांच्या हाती स्वतःच्या नोंदींची आरोग्य-वही आली. तपासणीनंतर वस्त्यावस्त्यांत बैठका भरवून निकाल समजावून सांगितले जात. गावातूनच निवडलेले आरोग्य-मार्गदर्शक या कामात होते. ते डॉक्टर नव्हते, शेजारीच होते. पुढे 1982 च्या वृद्ध-आरोग्य कायद्यानं तपासण्या आणि आरोग्य-वही देशभर नेली, तेव्हा याचिहोचा अनुभव समोर होता.

नागानोत आणखी एक परंपरा वाढत होती. 1945 मध्ये ताकाहो गावातल्या (आताचं सुझाका शहर) बायकांनी एकट्या पडलेल्या आरोग्य-परिचारिकेला मदत करायला सुरुवात केली, आणि त्यातून प्रांतभर आरोग्य-सहायिकांची पद्धत रुजली. बहुतेक ठिकाणी ही जबाबदारी दोन वर्षांची असते, मग दुसरीची पाळी येते. वरवर पाहता यात तोटा आहे, शिकलेली बाई निघून जाते. पण ती कुठे जाते? आपल्याच स्वयंपाकघरात. दर दोन वर्षांनी नव्या घरांत रक्तदाब म्हणजे काय, मीठ किती, हे कळलेलं माणूस तयार होत गेलं.

मीठ हा तिथला कळीचा प्रश्न होता. लांब हिवाळा, खारवलेली नोझावानाची पालेभाजी, दिवसातून अनेकदा मिसो सूप. 1960 च्या दशकात मेंदूच्या पक्षाघातानं होणाऱ्या मृत्यूंत नागानो देशात फार वर होतं. 1981 मध्ये प्रांतानं मीठ कमी करण्याची मोहीम काढली. सहायिका घरोघरच्या सूपातला खारटपणा उपकरणानं मोजत. 'मीठ कमी खा' हे पत्रक घडी घालून ठेवून देता येतं. आपल्याच पातेल्यातला आकडा तसा ठेवून देता येत नाही. 1990 मध्ये नागानोतल्या पुरुषांचं आयुर्मान देशात सर्वाधिक ठरलं आणि 2010 मध्ये स्त्री-पुरुष दोघांचंही.

इथे संशोधकानं सावध व्हायला हवं. नागानो म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. त्याच काळात उत्पन्न वाढलं, घरं उबदार झाली, औषधं सुधारली. म्हातारपणीही शेतात राबणारी माणसं तिथे पुष्कळ आहेत. यश एकाच गोष्टीच्या नावावर मांडता येत नाही. शिवाय निरोगी प्रौढांच्या सरसकट तपासण्यांवरचे प्रयोग एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन आढाव्याचा (2012, सुधारित 2019) निष्कर्ष असा, की अशा तपासण्यांनी एकूण मृत्यूंत फरक पडत नाही किंवा अगदी थोडा पडतो.

मग याचिहोचे कष्ट वाया गेले का? मला तसं वाटत नाही. त्या प्रयोगांत मोजली गेली ती तपासणी. याचिहोत तपासणीनंतर बैठक होती, बैठकीनंतर शेजारी होता आणि शेजाऱ्यानंतर स्वयंपाकघर. आढावा आणि गाव एकमेकांना खोटं पाडत नाहीत. नुसता आकडा हाती देऊन भागत नाही, एवढं दोन्हीकडून कळतं.

वाकात्सुकींना 1976 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीनच वर्षांनी, 1979 मध्ये, तो जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना मिळाला. त्यांनी 1970 मध्ये दुष्काळी भागात काम सुरू केलं आणि गावानं निवडलेल्या, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. नागानोत वही होती, जामखेडला बरंचसं तोंडी. पण शास्त्र समजायला पदवी लागत नाही, हा विश्वास दोन्हीकडे सारखाच.

जपानमध्ये आज चाळिशी ओलांडलेल्या विमाधारकांना, परदेशी रहिवाशांनाही, दरवर्षी चयापचय-तपासणीचं बोलावणं येतं. निकालावर अ, ब, क अशा श्रेणी छापलेल्या असतात. आपल्यातले बरेच जण जपानी वाचता येत नाही म्हणून, किंवा येत असूनही, ते पाकीट कपाटात ठेवून देतात. तेही अंगावर काढणंच. इथल्या मराठी मंडळांत गणपती होतो, दिवाळी होते. त्यातच वर्षातून एक दुपार सगळ्यांनी आपापले निकाल घेऊन बसावं. ज्याला जपानी येतं त्यानं वाचून दाखवावं, ज्याला वैद्यक कळतं त्यानं कोणत्या आकड्याची काळजी करावी आणि कोणत्याची करू नये ते सांगावं. निकाल खासगी ठेवायचा असेल तर नुसते प्रश्न आणावेत. याचिहोच्या बैठकांत याहून फार वेगळं काही होत नव्हतं.