मृत ताऱ्याचें अंतरंग आणि खोडदच्या तबकड्या

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकास, नाणेघाटाच्या माथ्यावर, एक दगडी रांजण आहे. घाट चढून येणारे व्यापारी त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, अशी लोकांची समजूत आहे. शेजारच्या लेण्यांत सातवाहनांचा शिलालेख असून त्यांतील अंक भारतांतील अत्यंत प्राचीन अंकांपैकीं गणले जातात. त्याच तालुक्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, आज निराळीच मोजदाद चालते.

ती सुरू करणारे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञ. त्यांनीं १९६५ सालीं कल्याणजवळ ३२ लहान तबकड्या उभ्या केल्या, १९७० सालीं उटीच्या डोंगर-उतारावर मोठी रेडिओ-दुर्बीण बांधली आणि पुढें कुकडी व घोड नद्यांच्या खोऱ्यांतील या मुलुखाकडे दृष्टि वळविली. जुन्नर आणि आंबेगांव हे दोन्ही तालुके शेतीचे. पुणें फार लांब नाहीं, पण कारखान्यांचा व नभोवाणी-केंद्रांचा लहरींतील गोंगाट येथें कमी. १९९० नंतरच्या दशकांत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. १४ मध्यभागीं, बाकीच्या १६ तीन फांट्यांवर सुमारें २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या. पत्र्याऐवजीं पोलादी तारांची जाळी वापरल्यामुळें वारा आरपार जातो आणि खर्चहि वांचला.

या तबकड्या ज्या ताऱ्यांचे ठोके टिपतात, ते मेलेले तारे होत. १९३२ सालीं न्यूट्रॉन सांपडला; दोनच वर्षांनीं बाडे व झ्विकी यांनीं न्यूट्रॉनांच्याच ताऱ्याची कल्पना मांडली; १९६७ सालीं केंब्रिज येथें जोसेलिन बेल यांना त्याचा ठोका प्रत्यक्ष ऐकूं आला. अशा ताऱ्याच्या द्रव्याचा एक घन सेंटिमीटर वीस कोटी टनांहून अधिक भरतो. गाभ्यांत दाब याहूनहि भयंकर. तेथें न्यूट्रॉन फुटून त्यांच्या पोटांतले क्वार्क मोकळे होत असावेत, असा तर्क आहे. क्वार्कांना ‘रंग’ नांवाचा एक गुण असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. शास्त्रज्ञांनीं दिलेलें हें नांव थोडें फसवेंच आहे.

१९११ सालीं कामरलिंग ऑनेस यांना अतिशीत पाऱ्यांत अतिसंवाहकता आढळली. तिचें कारण १९५७ सालीं कळलें : विद्युत्कण जोडीजोडीनें बांधले जातात. क्वार्कहि तसेच जोडीनें बांधले जावेत, हा विचार १९७० नंतर पुढें आला आणि १९९८ च्या सुमारास अल्फर्ड, राजगोपाल व विल्चेक आदींनीं त्यास बळकटी दिली. ही ‘रंग-अतिसंवाहकता’ थंडींतच टिकते. मात्र येथली थंडी म्हणजे दहा कोटी अंश! जोडी मोडण्यास याच्या हजारपट तरी उष्णता लागते, म्हणून या हिशेबानें तो तारा गारठलेलाच.

जोडी मोडून एकटा क्वार्क बाहेर पडावयाचा तर त्यास नाणेघाटाप्रमाणें जकात भरावी लागते. तीन जातींचे क्वार्क, प्रत्येकाचे तीन रंग, मिळून नऊ प्रकार; साध्या गणितानुसार आठांस एक दर आणि नवव्यास दुप्पट. एवढी शक्ति गारठलेल्या ताऱ्यापाशीं नाहीं. जकातीवांचून जाते ती ध्वनीसारखी एक हलकी लहर, आणि थोडक्या जकातींत जातात कांहीं मेसॉनसदृश कण. गाभ्यांतील सारी चाळवाचाळव एवढीच. त्यामुळें गाभा स्वतः फारशी उष्णता सांठवीत नाहीं, फारशी बाहेर फेंकीतहि नाहीं, आणि त्यांत घर्षण जवळजवळ उरत नाहीं.

या घर्षणाच्या अभावींच परीक्षेची संधि मिळाली. वेगानें फिरणाऱ्या ताऱ्यांत ज्या लाटा उठतात, त्या गुरुत्वलहरींच्या रूपानें त्याचा वेग खाऊं पाहतात. घर्षण असेल तरच त्या दबतात. २००० सालीं डेन्मार्कच्या येस मॅडसेन यांनीं दाखविलें कीं, संपूर्ण तारा अशा जोडलेल्या क्वार्कांचा असता तर तो आपला वेग लवकरच गमावून बसला असता. तारे तर फिरतच आहेत. २००४ सालीं खोडदच्या तबकड्यांनीं एनजीसी १८५१ या तारकागुच्छांत आपला पहिला स्पंदतारा शोधला. तो सेकंदास सुमारें दोनशें फेऱ्या घेतो. पुढें असे कित्येक चपळ तारे येथेंच सांपडले.

यावरून संपूर्ण क्वार्कताऱ्याची कल्पना लंगडी पडली. न्यूट्रॉनांच्या कवचाखालीं तसा गाभा असण्याची शक्यता मात्र बाकी आहे. तिचा पक्का पुरावा अद्याप कोठेंहि मिळालेला नाहीं. कांहीं ताऱ्यांचा वेग कधीं कधीं एकाएकीं वाढतो. १९६९ सालीं व्हेला ताऱ्याच्या बाबतींत तो झटका प्रथम नोंदला गेला. आंतील घर्षणहीन द्रव कवचास हिसका देतो, असें त्याचें कारण सांगतात. उटी आणि खोडद येथील दुर्बिणींनीं मिळून अशा झटक्यांवर पहारा ठेवला, आणि त्यांच्या नोंदी २०२० सालीं प्रसिद्ध झाल्या.