अश्वपादत्राण

अश्वपादत्राण : नाल न ठोकलेल्या घोड्याच्या खुरावर चढविण्याचे आणि काम संपताच काढून ठेवता येणारे संरक्षक आवरण. व्यवहारात यास ‘खुरांचा बूट’ म्हणतात. नाल खुराच्या कठीण भिंतीत खिळे मारून बसवितात व तो काही आठवडे पायात राहतो; पादत्राण मात्र प्रत्येक वेळी घालावे व काढावे लागते. ‘नाल’ हा शब्द ज्या अरबी शब्दापासून आला, त्याचा अर्थ पादत्राण असाच आहे.

खूर ही निर्जीव खुंटी नव्हे. त्याची भिंत महिन्याला सु. ६ ते १० मिमी. वाढते व पुढचा भाग संपूर्ण नवा होण्यास वर्षाच्या आसपास काळ लागतो. पाय टेकताच टाचेकडील भाग किंचित फाकतो आणि तळाच्या मध्यभागी असलेली त्रिकोणी, लवचिक पुतळी धक्का सोसते. खिळ्यांनी जखडलेल्या नालामुळे ही हालचाल काही अंशी रोधली जाते, हा अनवाणी घोड्याच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य मुद्दा होय. उलटपक्षी, खडकाळ वाटेवर खूर वाढीपेक्षा अधिक वेगाने झिजला, तर घोडा लंगडतो.

प्राचीन काळीही हा पेच होताच. ग्रीक लेखक झेनोफन (इ. स. पू. चौथे शतक) याने तबेल्याबाहेर गोटे पसरून त्यांवर घोडा उभा करावा व खूर कठीण करावेत, असा सल्ला दिला. रोमन काळात गॉल, ब्रिटन इ. प्रांतांत दोऱ्यांनी किंवा वाद्यांनी बांधावयाची लोखंडी पादत्राणे प्रचारात होती. जपानमध्ये गवताच्या विणलेल्या चपला घोड्याला घालीत. त्या लवकर फाटत, म्हणून प्रवासात बदलीचे जोड बरोबर घेत. खिळ्यांचा नाल यूरोपात नवव्या-दहाव्या शतकांनंतर सार्वत्रिक झाला. तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतात आलेल्या मार्को पोलोने तेथे नालबंद नसल्याने घोडे मरतात, असे लिहिले आहे. आयात घोड्यांचे मरण केवळ नालाअभावी ओढवत असेल, असे मात्र मानणे कठीण आहे.

मराठ्यांच्या घोडदळात खुरांच्या खर्चाला हिशेबात स्वतंत्र स्थान होते. बारगिराचा घोडा सरकारी, तर शिलेदाराचा स्वतःचा असे. मोहिमेपूर्वी शिलेदारास सज्जतेसाठी जी आगाऊ रक्कम मिळे, तिला ‘नालबंदी’ हे नाव पडले. नालाचा खर्च हा त्या रकमेचा अल्पांशच असला, तरी नाव त्याचेच टिकले, हे बोलके आहे. या घोडदळाचा भर भीमथडी तट्टांवर होता. भीमा नदीच्या खोऱ्यातील ही काटक घोडी आज स्वतंत्र भारतीय जात म्हणून नोंदली गेली आहेत.

जालना परिसराने या घोडदळाची कठोर परीक्षा पाहिली. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालना लुटले व लुटीसह परतताना संगमनेरजवळ त्यांना मोगल सैन्याशी झुंजावे लागले. जालना ते संगमनेर हे अंतर आजच्या रस्त्याने सु. २०० किमी. भरते, लादलेल्या घोड्याच्या खुरांना ती मजल कशी वाटली असेल, याचा अंदाज करता येतो. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे त्याची व वेलस्लीची भेट होऊन दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी चाल करण्याचे ठरविले, आणि २३ सप्टेंबर रोजी सु. २० मैलांची मजल मारून वेलस्लीने केळणा नदी ओलांडून असई येथे शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी गाठ घेतली. पावसाळा सरता सरता ओलसर काळ्या जमिनीतून हे घोडे धावले. लढाईच्या वर्णनांत तोफांचे आकडे मिळतात; खुरांना तेथे क्वचितच जागा मिळते. पुढे एकोणिसाव्या शतकात जालना ही लष्करी छावणी होती. अशा छावण्यांत घोड्यांवर उपचार करणारे सलोतरी (हे नाव शालिहोत्रावरून आले) व नालबंद यांना काम असे. देशी नालबंद पातळ पत्र्याचा नाल बहुधा न तापविता थंडच ठोकीत. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने त्याला प्रत्येक पायास दोन ‘पत्र्या’ लागतात.

आधुनिक पादत्राणाची पूर्वपीठिका वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हिरवळ कापण्याचे यंत्र ओढणाऱ्या घोड्यांना, हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून, चामडी बूट घालीत. १९७० नंतर अमेरिकेत रबर व प्लॅस्टिकचे बूट निघाले आणि अनवाणी घोड्याला लांब पल्ल्याच्या स्वारीस नेणे सुकर झाले.

या बुटांचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे माप. खूर छाटल्यानंतर लगेच माप घ्यावे. चार-सहा आठवडे वाढलेल्या खुराचे माप फसवे ठरते. खुराची रुंदी सर्वांत रुंद ठिकाणी मोजतात. लांबी पुढच्या टोकापासून टाचेची भिंत जमिनीस टेकते तेथपर्यंत धरतात, टाचेच्या मांसल फुगीर भागापर्यंत नव्हे. ही चूक नेहमीची असून तीमुळे बूट एक माप मोठा येतो. पुढचे खूर गोलसर व मागचे अरुंद, टोकदार असल्याने चारही खूर वेगवेगळे मोजावेत. बूट हाताने फिरविता येऊ नये. तरी टाचेशी दाबही नको. सैल बुटात वाळू व खडे शिरतात, तर घट्ट बूट टाचेचे कातडे सोलतो. म्हणून पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटे चालवून, वळवून, बूट काढून पाहणे हाच खरा कस होय. रात्रंदिवस बूट ठेवल्यास ओलाव्याने पुतळी कुजते.

जालना जिल्ह्यात (स्थापना १९८१) काळी कसदार जमीन आणि मुरमाड, दगडी माळ पाठोपाठ येतात. चिकट काळ्या चिखलात सैल बूट पायातून निघून जमिनीतच राहतो. माळावर तोच बूट खडे आत घेतो. उन्हाळ्यात सुकून कडक झालेल्या खुराला बसणारा बूट पावसाळ्यात ओलाव्याने मऊ झालेल्या व अधिक पसरलेल्या खुराला आवळतो. त्यामुळे येथील घोडा बाळगणाऱ्याने वर्षातून किमान दोनदा, मृगापूर्वी व दसऱ्यानंतर, माप नव्याने घेणे इष्ट ठरते. आज या भागात घोडे मुख्यत्वे लग्नाच्या वरातीत दिसतात. डांबरी व सिमेंटच्या रस्त्यांवर नाल घसरतो. तेथे रबरी तळाचा बूट अधिक सुरक्षित असतो, परंतु तो एका घोड्यासाठी विकत घेऊन दुसऱ्यास घातला जातो, तेव्हा त्याची उपयुक्तता तत्काळ संपते.